वीतभर काच

दुकानात शौकत शिकलगार म्हणाला,
सहा न्या, ओटो एकटा राहत नाही.
घरी आण्णांनी विचारलं, "ऑटो? मीटरनं का ठरवून?"

बोटाच्या पेराहून थोडे मोठे,
अंगावर तोंडापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ,
तोंड खालच्या बाजूला, चोखणीसारखं.
पिशवीतून सोडले तसे जावा फर्नच्या मागं गेले,
दोन दिवस दिसलेच नाहीत.
तिसऱ्या दिवशी एक काचेला चिकटला,
पोट आमच्याकडं करून.

मी रोज माणसं अशीच बघतो.
मिरजेत घरांपेक्षा दवाखाने जास्त, असं बाहेरचे म्हणतात,
त्यातल्या एकाच्या तळघरात माझी एक्स-रेची खोली.
शर्ट काढा, छाती पाटीला टेकवा, हनुवटी वर,
श्वास घ्या, रोखा,
सोडा.
दिवसाला साठ-सत्तर जण टेकतात.
टेकल्या टेकल्या जेवायला मात्र कुणी लागत नाही.
हा लागला.
खालून वर, ओठांची बारीक घाई,
काचेवरचं जे हिरवं मला दिसतसुद्धा नव्हतं
ते तो खात होता.

आण्णांना दिसत होतं.
एकतीस वर्षं एसटी डेपोत गाड्या धुतल्या त्यांनी.
रात्री चिखलानं माखून आलेली गाडी
पहाटे जतला सुटायची ती त्यांच्या हाताखालून.
ड्रायव्हर म्हणायचे, "आण्णा, काच हाय का न्हाई तेच कळंना."
मी ड्युटीवर गेलो की ते बाही सारून
खांद्यापर्यंत हात टाकीत घालायचे,
आतून स्पंज, बाहेरून ओला पेपर.
दगड घासायचे. अनुबियासची पानं पुसायचे,
लेकराचं तोंड पुसावं तशी.

पहिला गेला शनिवारी.
मी पाणी तपासलं, थर्मामीटर बघितला.
दुसरा, तिसरा सोमवारी एकदम.
चौथा तळाला बदामाच्या वाळक्या पानावर,
बसलाय असंच वाटलं दोन दिवस.
चिमट्यानं उचलून दिव्यापुढं धरला, सवयीनं.
पोट आत गेलेलं, चमच्यासारखं.
शौकतनं फोनवर विचारलं, काच पुसता का?
मी म्हटलं, रोज.
तो काही बोलला नाही.

आण्णांना सांगताना मी शब्द फिरवून फिरवून सांगितले.
ते म्हणाले, "म्हंजे मी त्यांचं ताट धूत हुतो.
जेवायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी कृष्णाघाटावरून
पिशवीभर गुळगुळीत दगड घेऊन आले.
गच्चीवर बादली, बादलीत दगड, वर ऊन.
नळ एक दिवसाआड येतो,
तरी त्यातली घागर आधी बादलीला.
मगदूमकाकू कठड्यावरून म्हणाल्या,
"आण्णा, शेवाळ घालवायचं औषध मिळतं की."
"पेरलंय ते," आण्णा म्हणाले.

बारा दिवसांनी धरलं.
आता एक दगड खाली जातो, एक वर येतो,
कुठला कधी, ते कॅलेंडरवर डेपोतल्यासारखं लिहिलेलं.
मध्येच काकडीची उकडलेली चकती,
बुडावी म्हणून स्टीलच्या काट्याला टोचून.
काटा आमच्या घरात त्याआधी कुणी वापरला नव्हता.

उरलेल्या दोघांची पोटं हरभऱ्यासारखी झाली.
मागची काच कुणी पुसत नाही.
पुढचीसुद्धा, डाव्या कोपऱ्यात वीतभर, सोडलीय.
आण्णांचा हात तिथं जातो,
थांबतो,
खिशात जातो.

गेल्या गुरुवारी त्यांचा फोटो काढला.
खोकला, डिझेलच्या धुराचा, जुनाच.
टेकवा म्हटलं, टेकवली.
रोखा म्हटलं, रोखला,
आणि जाड काचेपलीकडून बघत
मी सोडा म्हणायचं विसरलो, थोडा वेळ.

डॉक्टर म्हणाले, छाती एकदम स्वच्छ आहे.
आण्णांनी माझ्याकडं बघितलं.
"स्वच्छ म्हंजे," ते म्हणाले,
"आत हाय न्हवं कायतरी?"

येताना मंडईत अर्धा किलो काकडी घेतली.
ऑटो ठरवूनच केला.